बोरमाळेचा डाग

गंगापूर रोड, नाशिक
१९ जून १९७७

चिमणे, जय भीम.

तुझं इनलँड काल मिळालं. गळ्याला काळपट-हिरवी रेघ पडली म्हणून घाबरू नकोस. साबणाने घासली की फिकी होते आणि दोन दिवसांत परत दिसते असं लिहिलंयस. म्हणजे ती कातडीच्या आतली नाही, वरचीच आहे. उन्हाळ्याचा घाम, दुसरं काय. लग्नानंतर तू आईची बोरमाळ सणावारीच घालत होतीस, आता मार्चपासून रोज शाळेत घालून जातेस. घाम मुरला की असं होतं.

मी सांगते तसं कर. अंघोळीला बसताना माळ काढून ठेवायची. गळा पूर्ण कोरडा झाल्याशिवाय घालायची नाही. घालण्याआधी गळ्याला थोडी पावडर लावायची. शाळेतून आलीस की माळ काढून जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने एकेक मणी पुसायचा आणि कापसात गुंडाळून डबीत ठेवायची. डबीत खडूचा एक तुकडा टाक, तुमच्याकडे त्याला तोटा नसेल. खडू ओल ओढून घेतो. चिंचेने किंवा राखेने मात्र अजिबात घासू नकोस. आई रिठ्याच्या पाण्यात धुवायची, तशीच धू आणि लगेच कोरडी कर.

डॉक्टरकडे जायची गरज नाही. हे सगळं मी दुकानात रोज बघते. आमच्याकडे दागिन्याला सोन्याचा मुलामा करून घ्यायला येणाऱ्या बायका हीच तक्रार घेऊन येतात.

तुझे दाजी बरे आहेत. सातपूरच्या कारखान्यात त्यांना आता दुसरी पाळी आहे. वाल्मीकरावांना आणि तुझ्या सासूबाईंना जय भीम सांग.

तुझी आक्का


नाशिक
७ ऑगस्ट १९७७

चिमणे,

तू विचारलंयस, मुलाम्याच्या दागिन्याला डाग पडतो हे ठीक आहे, पण सोन्याला कसा पडेल? आणि आईच्या गळ्याला कधी डाग दिसला नाही, असंही लिहिलंयस.

सगळं सोनं निव्वळ नसतं. जुने सोनार मणी टणक व्हावेत म्हणून तांबं घालायचे. कुणाच्या मण्यात कमी, कुणाच्या जास्त. कुणाचा घाम आंबट असतो, कुणाचा नसतो. आणि आईचा गळा तू एवढ्या जवळून कधी पाहिलास? ती अंथरुणाला खिळली तेव्हा तू डी.एड.च्या वसतिगृहात होतीस. तीन वर्षं तिची वेणी मी घातली, पाठ मी पुसली. तिच्या गळ्यावर काय होतं आणि काय नव्हतं ते मला माहीत आहे.

हे रागाने लिहीत नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

सोबत एक बाटली पाठवते आहे, पाहुण्यांच्या हातून येईल. मेन रोडला बांगड्यांच्या दुकानात मिळाली. बिनरंगी नेलपॉलिश आहे. नखांना लावू नकोस. माळ पाटावर पसरून ठेव आणि मण्याची जी बाजू कातडीला टेकते तिथे ब्रशने पातळ हात फिरव. सावलीत वाळू दे, मग दुसरा हात दे. दोन हात पुरेत. जाड लावलंस तर पापुद्रे निघतात. महिनाभर टिकेल. निघायला लागलं की परत लाव. मधे कातडी आणि धातू यांची गाठच पडत नाही, म्हणून डाग पडत नाही. एवढंच त्यातलं शास्त्र.

सासूबाई मलम लावायला सांगतात तर लाव. मलमाने काही बिघडणार नाही. फक्त मलम लावलेल्या गळ्यावर माळ घालू नकोस.

आक्का


नाशिक
२ डिसेंबर १९७७

चिमणे,

वाल्मीकराव रविवारी आले, डाग थांबत नाही म्हणून माळ दुरुस्तीला देऊन गेले. चहा घेतला, जेवले नाहीत. मला म्हणाले, "आक्का, तुम्हीच सांगा तिला. काढून ठेव म्हटलं तर ऐकत नाही. म्हणते, आईनं मला हीच एक वस्तू दिली." मी म्हटलं, सांगते.

तर सांगते. नेहमी घालायलाच हवी असं नाही. तुला आता सहावा महिना आहे, या दिवसांत अंग नाजूक होतं.

पण तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून माळेचंच काम नीट करून घेतलं. दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. शेठला विचारून दुपारच्या सुट्टीत मीच केली. मणी सुटे केले, कोमट पाण्यातून काढले, झळाळी दिली, लाकडाच्या भुशात वाळवले आणि वरून लॅकरचा हात दिला. नेलपॉलिशपेक्षा हे पक्कं असतं. नव्या रेशमी दोऱ्यात ओवली आहे. आता गळा काळा होणार नाही. झाला तर मला विचार.

दाजी उद्या तुमच्या जवळच वणीला एका मित्राकडे जाणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. दाजींना त्यातलं काही कळत नाही, त्यांना काही विचारू नकोस.

बाळंतपणाला कुणी माहेरचं हवं असेल तर मी येईन. दुकानातून आठ दिवस सुट्टी मिळते.

आक्का


नाशिक
२६ एप्रिल १९७८

चिमणे,

मुलगी झाल्याचं वाल्मीकरावांचं कार्ड मिळालं आणि आज तुझं पत्र. गौतमी नाव चांगलं आहे. माझ्या येण्याची गरज पडली नाही, तुझ्या सासूबाईंनी सगळं केलं. तेही बरंच झालं.

जयंतीच्या दिवशी तू तिला मांडीवर घेऊन मंडपात बसलीस, गळ्यात माळ होती आणि गळा दुधासारखा स्वच्छ होता, बायका म्हणाल्या आईची माळ किती चकाकते, हे तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. दुकानात नवसाबाईला वाचून दाखवलं. ती माझ्या शेजारी बसते, मुलाम्याच्या टाकीतून मणी काढायचं काम करते. म्हणाली, "यशोदा, तुझ्या हाताला गुण आहे." मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटायला नको होतं.

बाळाला सांभाळ. तिला अंगावर घेताना माळ काढत जा, मणी तिच्या गालाला टोचतील.

आक्का


नाशिक
११ मार्च १९७९

चिमणे,

डाग नाही, पण पुरळ आलं आहे, खाज सुटते, पाणी भरलेले बारीक फोड येतात, असं लिहिलंयस. कधीपासून? माळ घातली नाही त्या दिवशी कमी होतं का? नीट आठवून लिही. आणि तोवर काढून ठेव. हे मोठी बहीण म्हणून सांगते.

कापसात ठेव, खडू टाक, सगळं कर, पण डबीतच राहू दे.

आक्का


नाशिक
३० जून १९७९

चिमणे,

तुझं पत्र मिळालं.

फोड सुकले तिथे पांढरट चट्टे उमटले. गावात कुणीतरी महारोग म्हणालं. सासूबाईंनी तुझं ताट, तांब्या वेगळा केला. गौतमीला तुझ्याजवळ निजू देत नाहीत. चौथीतल्या दोन मुलींच्या आयांनी पोरींना शाळेतून काढून घेतलं, आणि मुख्याध्यापकांनी सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला आणेपर्यंत रजेवर जायला सांगितलं. यात सगळ्यात वाईट मला तुझं एक वाक्य वाटलं. तू लिहिलंस, "एवढं सगळं झालं तरी माळ काढली नाही आक्का, ती गळ्यात असली की आई जवळ आहे असं वाटतं."

काढ. आज, आत्ता, हे पत्र वाचतेस तिथेच काढ.

नवसाबाईचं तुला लिहिलं होतं. तिच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत असेच फोड येत होते. आम्ही समजत होतो, पाण्यात हात असतात म्हणून. दिवाळीत ती दीड महिना मुलीकडे निफाडला राहिली, तर हात कोरे झाले. परत आली, टाकीत हात घातले, आठ दिवसांत पुन्हा फोड. सुकले की चट्टे पांढरट. शेठ म्हणाला, "टाकीतलं निकल बाधतं काही लोकांना. सगळ्यांना नाही." तिला टाकीवरून उठवून ओवायला बसवलं. आता तिचे चट्टे भरत आले आहेत.

तुझं तेच आहे. तुला कुठलाही रोग नाही. कसं ते विचारू नकोस, आधी माळ काढ.

आक्का


नाशिक
१८ जुलै १९७९

चिमणे,

काल मी तुझ्या गावी येऊन गेले. सासूबाईंनी सांगितलं असेल. त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून मी माझ्याकडचं सगळं लिहिते.

आई जाण्याआधी दोन दिवस तिची जड झालेली जीभ थोडी मोकळी झाली होती. तू उशाशी होतीस, मी पायाशी होते. ती म्हणाली, "बोरमाळ चिमणीला. यशीचं काय, तिचं घर हाय." एवढंच म्हणाली. तुला आठवत असेल. मला तर रोज आठवतं. तीन वर्षं मी तिची घाण काढली. हे बोलून दाखवायचं नसतं, पण आज लिहिते. मला सोनं नको होतं. तिने माझ्याकडे बघून "तू केलंस" एवढं म्हणावं असं वाटत होतं. ती बोलली नाही आणि गेली.

माळ माझ्याकडेच होती. तुझ्या लग्नापर्यंत सांभाळायला. दुकानात पितळेचे बोरमणी साच्यातून निघतात, हजारांनी. मी त्यातले चौतीस निवडले, आईच्या मण्यांच्या अगदी मापाचे. आत लाख भरली, म्हणजे वजनात फार फरक पडणार नाही. सोन्याचं पाणी चढवलं. तुझ्या लग्नात तुझ्या गळ्यात माझ्या हाताने घातली ती ही माळ. तू वाकून माझ्या पाया पडलीस.

खरी माझ्याकडे राहिली. ज्वारीच्या डब्यात, तळाशी. उघड घालता येत नव्हती, म्हणून दाजी कामावर गेले की पदराखाली घालायची, भाकरी होईपर्यंत, आणि परत काढून ठेवायची. तीन वर्षांत माझ्या गळ्यावर एक रेघ उठली नाही.

तुझा गळा काळा व्हायला लागला तेव्हाच मला सगळं कळलं होतं. पाणी उडालं होतं, पितळ कातडीला लागत होतं. मी तुला पावडर सांगितली, खडू सांगितला, नेलपॉलिश सांगितलं. त्यातलं काहीही खोटं नाही. मुलाम्याच्या दागिन्याला ते सगळं चालतं. तुझा दागिना मुलाम्याचा आहे, एवढंच सांगितलं नाही.

मग माळ माझ्या हातात परत आली. चिमणे, सगळ्यात मोठा गुन्हा तिथे आहे. त्या वेळी खरी माळ पाठवली असती तर कुणालाच काही कळलं नसतं. तुलाही नाही. दोन्ही माळा पुढ्यात ठेवून मी दुपारभर बसले होते. आणि खोटीच घेऊन दुकानात गेले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आपल्या हाताला यश येईल, डाग पडणारच नाही अशी करून दाखवीन, असं डोक्यात होतं. टिकावी म्हणून सोन्याच्या पाण्याखाली निकलचा जाड थर दिला. वर्षभर टिकलीही. लॅकर झिजलं, वरचं पाणी झिजलं आणि निकल कातडीला लागलं. तुझे फोड त्याचे आहेत. म्हणजे काळा डाग जाऊन रोग आला, तो मी चढवलेला.

गेल्या आठवड्यात दाजींना सगळं सांगितलं. दोन दिवस ते डबा न घेताच कामावर गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "सिव्हिलची तारीख यायच्या आत जाऊन ये." आणि एसटीच्या तिकिटाला सुटे पैसे डब्यावर ठेवून गेले.

सकाळच्या गाडीने आले. तू घरी नव्हतीस, शाळेत रजेचा कागद द्यायला गेली होतीस. तुझ्या सासूबाई ओसरीवर गौतमीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोरगी तुझ्यासारखी आहे, कपाळ आईचं आहे.

मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. म्हटलं, "मावशी, चिमणाला कुठलाच रोग नाही."

"तू डाक्टर हाय का?"

"नाही. मी मुलाम्याच्या दुकानात कामाला आहे. तिच्या गळ्यातली माळ खोटी आहे. मी केलेली आहे. त्यातल्या धातूचे फोड आहेत ते."

मी खरी माळ काढून त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "ही आमच्या आईची. चिमणाला दिलेली. मी ठेवून घेतली होती."

त्यांनी माळ उचलली नाही. गौतमी हात लांबवायला लागली, तेव्हा तिचा हात धरून मागे घेतला. मग म्हणाल्या, "तीन म्हैने झालं. सुनंचं ताट येगळं ठिवलंय म्या. पोर रातंदीस रडती, तरी आईजवळ दिली नाय. गावाला भ्याले. ते सगळं तुझ्यापायी?"

"हो."

"आन तू तिकडून कागद धाडत हुतीस. पावडर लाव म्हनून."

"हो."

मला वाटलं, आता ओरडतील, शेजारच्या बायका बोलावतील. मी त्याची तयारी करून आले होते. त्या ओरडल्या नाहीत. पोरीला कडेवर घेऊन उठल्या, मागच्या पडवीत गेल्या आणि तुझं वेगळं ठेवलेलं ताट आणि तांब्या घेऊन आल्या. माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "घास. तुझ्या हातानं घास आन आमच्या ताटांत नेऊन ठिव."

मी अंगणात बसून राखेने ताट घासलं. तांब्या घासला. धुतलं, पुसलं. त्यांनी आतली फळी दाखवली. मी ताट त्यांच्या ताटांच्या मधे ठेवलं.

"आता जाय," त्या म्हणाल्या. "ती यायच्या आत जाय. लय रडंल ती, आन तुझ्याचपाशी रडंल. ते मला बघवनार नाय."

म्हणून मी थांबले नाही. फाट्यापर्यंत चालत आले. समोरून एक बाई छत्री घेऊन येत होती, मला वाटलं तू. तू नव्हतीस.

सिव्हिलला जा, दाखला घे. डॉक्टरांना हे पत्र दाखव, मुख्याध्यापकांनाही दाखव. माझं नाव लपवू नकोस. गळ्याला खोबरेल तेलाशिवाय काही लावू नकोस. माझ्या माळेचं काय करायचं ते तू ठरव. पुरू नकोस किंवा नदीत टाकू नकोस, कुणाला तरी सापडेल आणि तीही घालेल. ठेचून मोड.

माफ कर असं लिहिणार नाही. ते मागण्यासारखं काही मी अजून केलेलं नाही.

यशोदा


नाशिक
९ जानेवारी १९८०

चिमणे,

तू उत्तर दिलं नाहीस, ते बरोबरच आहे. हे पत्रही उत्तरासाठी नाही.

वाल्मीकराव परवा एसटी स्टँडवर भेटले. मी बाजूला होणार होते, पण तेच थांबले. म्हणाले, दाखला मिळाला, महारोग नाही असं लेखी आहे, दिवाळीनंतर तू शाळेवर रुजू झालीस. त्या दोन मुली परत आल्या. चट्टे भरत आले आहेत, मानेमागचा एक राहिला आहे. तेवढं सांगून गाडीत चढले. मला आक्का म्हणाले नाहीत, पण सांगितलं.

मानेमागचा भरायला वेळ लागेल. केसांचा घाम तिथे येतो. नवसाबाईचाही शेवटचा चट्टा सात-आठ महिन्यांनी गेला.

यशोदा


नाशिक
२२ ऑक्टोबर १९८१

चिमणे,

सांगण्यासारखं एकच आहे. दुकानात मी आता गिऱ्हाईकाच्या पुडीत एक चिठ्ठी घालते. हाताने लिहिते, दिवसाला वीस-पंचवीस होतात. "हा दागिना मुलाम्याचा आहे. अंघोळीला काढून ठेवा. कातडीला टेकते त्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या. डाग पडला तर घाबरू नका, धुतल्यावर जातो. फोड आले तर मात्र दागिना पुन्हा घालू नका."

शेठ आधी रागावला. म्हणाला, "यशोदाबाई, तुम्ही धंदा बसवायला निघालात." मी म्हटलं, चिठ्ठी काढायची तर मलाही काढा. त्याने काढलं नाही. मग एक बाई आली, तिने विचारलं, "चिठ्ठीवालं दुकान हेच का? मला सुनेसाठी घ्यायचंय, पण खरं सांगणाऱ्याकडूनच." तेव्हापासून शेठ गप्प आहे. कानातल्यांना निकल देणंही त्याने बंद केलं. सगळ्याच मालाचं नाही केलं. त्याशिवाय चमक येत नाही म्हणतो, आणि ते खरं आहे.

हे सांगून तुझ्याकडून काही हवं आहे असं नाही. लिहायला दुसरं कुणी नाही. दाजींना मुलाम्यातलं काही कळत नाही.

यशोदा


नाशिक
५ मार्च १९८४

चिमणे, जय भीम.

तुझं पोस्टकार्ड आलं. पोस्टमनने दारात हाक मारली तेव्हा मी पीठ मळत होते, हात तसेच. अक्षर लांबूनच ओळखलं. पाच वर्षांत ते जरा मोठं झालं आहे, फळ्यावर लिहून लिहून होत असेल.

चार ओळी आहेत. गौतमी सहा वर्षांची होते आहे. कान टोचायचे आहेत. आईच्या माळेतले दोन मणी मोडून तिला कानातलं करायचं मनात आहे. "सासूबाईंपुढे ठेवलीस ती माळ खरी आहे ना? तेवढंच कळव."

म्हणजे तू ती घातलीच नाहीस. पाच वर्षं. मला वाटत होतं तुझ्या गळ्यात आहे. मी दुकानात बसून मनात तुझा गळा बघत होते, डाग नसलेला.

हा प्रश्न विचारायचा तुला हक्क आहे. दुसऱ्या कुणी विचारला असता तर मला राग आला असता.

माळ खरी आहे. पण हे माझ्या सांगण्यावरून धरू नकोस. वणीला तुमच्या माहितीतला सोनार असेल त्याच्याकडे जा. पुढ्यात बसून कसोटीच्या दगडावर कसाला लावून घे. एक मणी लावून तो बाकीचे तसेच आहेत म्हणेल. ऐकू नकोस. सगळे चौतीस लावायला सांग, वेळ लागला तरी. मी एक माळ बदलली होती, चार मणी बदलणं मला अवघड नव्हतं, असं कुणीही म्हणेल, आणि तुझ्याही मनात कधीतरी येईल. ते गौतमीच्या कानाला कधी खाज सुटली तर त्या दिवशी येईल. त्यापेक्षा आजच काय ते दिसू दे.

कानातल्याचं सांगते. आधी साधी सोन्याची तार घालून टोच, मोडून केलेलं कानातलं भोक भरल्यावर घाल. सोनाराला सांग, सांधे जोडायचा डाग कमीत कमी दे, मागची काडीही सोन्याचीच कर. बरेच जण काडी दुसऱ्या धातूची करतात आणि कानात तीच जाते. टोचल्यावर खोबरेल तेल लाव, हळद नको, हळदीने खपली ओढते. पहिले आठ दिवस रोज तार थोडी फिरव. तुझ्या कातडीला निकल बाधतं म्हणजे तिलाही बाधू शकतं. जत्रेतलं चमकणारं काही तिच्या कानात घालू नकोस, माझ्या दुकानातलंही नाही.

सासूबाईंच्या गुडघ्यांचं वाल्मीकरावांकडून मधे कळलं होतं. त्यांना जय भीम सांग. त्या घेतील की नाही माहीत नाही, तरी सांग.

मला दर मंगळवारी सुट्टी असते. मणी कसाला लावशील तेव्हा मी तिथे आले तर चालेल का? बोलणार नाही. दुकानाच्या पायरीवर बसेन, आणि चौतिसावा मणी झाला की तू सांगशील तशी उठेन.

तुझी
आक्का